डावा बोदा वाजतोय

“हे तुझं खोकं खिडकीत ठेव. कावळे तरी बसतील,” दाजी म्हणाले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनअक्काचे यजमान. धोंडीराम सुतार, मिरजेत तंबोरे करायचे. आणि खोकं म्हणजे माझ्या सांगलीच्या दुकानातला सगळ्यात भारी स्पीकर. टेम्पोत घालून, वाटेत दोनदा दोऱ्या आवळत मी तो आणला होता. त्याचा जोडीदार अजून माझ्या खांद्यावर होता, दोन जिने चढून दम लागला होता, आणि दाजींनी दारातच तोंड उघडलं. वीस वर्षं झाली त्याला. पण पहिली कळ त्यांनी काढली, हे मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला बजावून सांगत होतो.

“त्याला आत तर येऊ दे,” अक्का म्हणाली. “लांबनं आलाय.”

“सांगली लांब कधीपासनं झाली?”

त्या दिवशी सकाळी त्यांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली होती. मिरज-सांगली रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर, हॉलला मोठी गॅलरी. मी मुद्दामच जेवणं उरकून पाहुणे पांगल्यावर पोचलो. भरल्या घरात दाजींचे टोमणे ऐकायची माझी तयारी नव्हती. घरात आता तिघंच उरलो होतो. आणि चार वाजता पुण्याच्या शेजवलकरबाई यायच्या होत्या.

या बाईंबद्दल अक्कानं मला फोनवर तीनदा सांगितलं होतं. पुण्यात त्यांची गाण्याची शाळा होती. तिच्यासाठी बारा तंबोरे हवे होते. दाजींनी दोन करून ठेवले होते, ते ऐकायला बाई स्वतः येणार होत्या. पसंत पडले तर उरलेले दहा दाजींचे, आणि पुढची सगळी देखभालही त्यांचीच. सहा महिन्यांपूर्वी दाजी चुलतभावांशी भांडून त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडले होते. बाईंचं काम मिळालं तर ते स्वतःच्या पायावर उभे राहणार होते. नाहीतर त्याच भावकीच्या दारात जाऊन, त्यांच्या हाताखाली परत बसायचं.

“आज तरी शब्दाला शब्द वाढवू नकोस, संपा,” अक्का मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली. “त्यांचं सगळं आजच्यावर आहे.”

“मी काय वाढवतोय? मी तर खोकं घेऊन आलोय.”

खरं सांगायचं तर अक्कानं स्पीकर मागितलेच नव्हते. तिला एक साधा गाण्याचा डबा हवा होता. बाईंनी त्यांच्या गाण्याची सीडी पाठवली होती, ती घरात लावता आली म्हणजे झालं. मीच हट्ट धरला. माहेरचा आहेर आहे, म्हटलं, साडी-चोळीऐवजी हा घे. तेव्हा ती एक विचित्र गोष्ट म्हणाली होती. “मग दोन्ही एकाच अंगाला ठेव. त्यांच्या खुर्चीच्या उजवीकडं.”

मी फोनवर पोट धरून हसलो. “अगं, दोन्ही एकाच अंगाला ठेवायचे तर दोन कशाला?”

“मग एकच आण.”

गाढवाला गुळाची चव काय, असं मी तिला सरळ म्हणालो.

आणि आहेराचं म्हणाल तर तेही अर्धंच खरं. मला दाजींना काही द्यायचं नव्हतं. मला त्यांना ऐकवायचं होतं.

त्याचं असं झालं होतं. एकोणीस वर्षांचा असताना मी वर्षभर त्यांच्याकडं जवारी शिकत होतो. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची घोडी असते, तिच्यावर तारा टेकतात. ती घोडी कानशीनं केसभर घासायची, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. घासणं जास्त झालं तर तार पत्र्यासारखी वाजते, कमी झालं तर मुकी राहते. मधे कुठंतरी ती बोलायला लागते, तिथं हात थांबला पाहिजे. तेच जवारी काढणं. माझा हात थांबायचा नाही. एक दिवस दाजींनी सगळ्या कारागिरांच्या देखत माझ्या हातातली कानस काढून घेतली आणि म्हणाले, “ह्याच्या कानात बोळे आहेत. ह्याला लाऊडस्पीकरवाल्याकडं धाडा.”

मी खरोखरच लाऊडस्पीकरवाल्याकडं गेलो. गणपतीत, लग्नात कर्णे बांधले, मग वायरी शिकलो, मग दुकान टाकलं. त्यांचा सल्ला माझ्याइतका कुणी पाळला नसेल. पण आजही कुणी ‘कान’ म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

तर मी कामाला लागलो. दाजींची वेताची खुर्ची हॉलच्या मधोमध घेतली. समोरच्या दोन कोपऱ्यांत दोन स्टँड ठेवले, टेप लावून खुर्चीपासून दोन्हीकडं सारखं अंतर मोजलं. भिंतीच्या कडेकडेनं वायर नेली. नवा हॉल, सामान फारसं नाही, टाळी वाजवली की तीनदा ऐकू येत होती. म्हणून अक्काकडून गोधडी मागून घेतली आणि मागच्या भिंतीला टांगली.

“भिंतीला थंडी वाजतीय का?” दाजी म्हणाले.

“आवाज घुमू नये म्हणून.”

“घुमत नाही तो आवाज कसला? आम्ही भोपळा कशाला लावतो मग?”

“तुमचं वेगळं, दाजी.”

“वेगळं कसं नसेल? आमचं वाजतं. तुझं किंचाळतं.”

मी दात खाल्ले आणि स्क्रू आवळला. तेवढ्या दोन तासांत त्यांनी मला काय काय म्हणून घेतलं. बेंडबाजावाला, कर्णेवाला, उंटावरचा शहाणा. माझी वायर त्यांच्या नव्या फरशीवर आडवी पडली तर ती त्यांनी पायानं सरकवली. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन मधे मधे यायची आणि बघून जायची. एकदा ती हळूच एक स्पीकर ढकलत ढकलत खुर्चीच्या उजव्या अंगाला न्यायला लागली. मी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि परत जागेवर ठेवला.

चारला बाई आल्या. साठीच्या, काटकुळ्या, सुती साडी, हातात स्वतःचं पाण्याचं भांडं. आल्या आल्या म्हणाल्या, “चहा नंतर. आधी ते दोघे कुठे आहेत?”

दाजींनी आतल्या खोलीतून दोन्ही तंबोरे आणले. सतरंजीवर बसून एकेक लावला. जवळजवळ भोपळ्याला गाल टेकून बसले होते. बाईंनी पहिला मांडीवर घेतला, चार तारा एकामागून एक छेडल्या आणि डोळे मिटले. मिनिटभर गेलं, दोन मिनिटं गेली. मी सुद्धा वायर हातात धरून उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, चांगला वाजत होता. फार चांगला वाजत होता.

“धोंडीरामभाऊ,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या, “असा बोलणारा तंबोरा मी आठ-दहा वर्षांत ऐकला नाही.” दुसराही तसाच निघाला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि म्हणाल्या, “राहिलेले दहा तुम्हीच करायचे. दुसऱ्या कुणाला मी बघणार नाही.”

दाजींनी हात जोडले. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, ती आत पळाली. झालं होतं सगळं. चहा पिऊन बाई गेल्या असत्या तर आज मी हे सांगत बसलो नसतो.

पण दाजींना जोर चढला होता. “बाई, तुमचं गाणं ऐकूया की,” ते म्हणाले. “आमच्या मेव्हण्यानं दोन खोकी आणलीत. त्यांची परीक्षा तुमच्यासमोर होऊ दे.”

मी सीडी लावली. बाईंचा आवाज हॉलभर नीट पसरला, मधोमध, जसा पसरायला हवा तसा. बाई सोफ्यावर होत्या, त्यांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. मला मनातून बरं वाटलं. दाजी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. जरा वेळानं त्यांनी हात वर केला.

“डावा बोदा वाजतोय.”

“काय?”

“डावं खोकं. मुकं आहे ते. उजवं चांगलंय, ते मी मान्य करतो. डावं मुकं.”

मी डाव्या स्पीकरजवळ कान नेला. स्वच्छ वाजत होता. “दाजी, दोन्ही सारखेच आहेत.”

“तुला सारखेच वाटणार.” ते बाईंकडं वळले. “हा माझ्याकडं शिकायला होता. वर्षभर घासलं, पण कान नाही तर काय करणार? म्हणून हा धंदा.”

बाई अवघडल्या. “मला तर ठीक वाटतंय हो.”

“बाई, गाणं तुमचं. पण कान माझा.”

“बंद कर रे ते,” अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. “चहा झालाय. बाईंना उशीर होईल.”

मला तिथंच थांबता आलं असतं. पण परक्या बाईसमोर तेच वाक्य, चौदा वर्षांनी, जसंच्या तसं. मी म्हटलं, थांबा. आमच्या धंद्यात अशा तक्रारीला एक साधा इलाज असतो. मशीनच्या मागं जायचं आणि डावी वायर उजवीकडं, उजवी डावीकडं लावायची. मशीन किंवा सीडी बिघडलेली असेल तर दोष दुसऱ्या बाजूला जातो. मी वायरी बदलल्या.

“आता?”

“डावा.”

म्हणजे स्पीकरच खराब. मी दोन्ही स्पीकर उचलले आणि त्यांच्या जागा बदलल्या. डावा उजवीकडं, उजवा डावीकडं. घाम फुटला होता. आता दोष उजव्या बाजूला जायलाच हवा होता.

दाजींनी डोळे उघडलेच नव्हते. “डावाच रे बाबा. किती वेळा सांगू? नुसता धपधप.”

मी मशीनच्या मागं उकिडवा बसलो होतो तसाच राहिलो. वायर नव्हे, मशीन नव्हे, स्पीकर नव्हे. मग डाव्या बाजूला उरलं काय?

मी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती, चहाचा ट्रे हातात. ती माझ्याकडं बघत होती. तिनं मान हलवली. एकदाच, अगदी थोडी. नको.

मी ते बघितलं. बघून मी उठलो.

“दाजी, एक काम करा,” मी अगदी गोड आवाजात म्हणालो. “खुर्ची फिरवून बसा. स्पीकरकडं पाठ करून.”

“ते कशाला?”

“बघा तर. बाई, तुम्हीही बघा, गंमत आहे.”

“संपा,” अक्का म्हणाली.

मी खुर्ची धरली आणि दाजींना उठवून, फिरवून, परत बसवलं. तोंड गोधडीकडं. त्यांनी आपले डोळे मिटले. त्यांना वाटत असावं, मी आता माझी चूक लपवायला काहीतरी खटपट करतोय. ओठांवर हसू होतं त्यांच्या.

“आता सांगा. कुठला मुका?”

“डावा,” दाजी म्हणाले, आणि त्यांनी डावा हात लांब करून दाखवला.

हात ज्या स्पीकरकडं होता, तो खुर्ची फिरवायच्या आधी त्यांच्या उजव्या अंगाला होता. तेव्हा त्याच्यात त्यांना काही खोट वाटली नव्हती.

बाईंनी त्या स्पीकरकडं बघितलं, मग हाताकडं, मग दाजींच्या कानाकडं. कुणीच बोलेना म्हणून दाजींनी डोळे उघडले. समोर गोधडी दिसली. मान वळवून त्यांनी आपल्याच हाताकडं आणि त्याच्या टोकाला असलेल्या स्पीकरकडं बघितलं. हात हळूहळू खाली आला.

मग त्यांनी उजव्या कानात बोट घातलं. घट्ट. तसेच बसले.

“संपत, बंद केलंस का?” त्यांनी विचारलं.

“नाही, दाजी. चालू आहे.”

“काय?”

अक्कानं ट्रे खाली ठेवला, येऊन त्यांचा हात कानापासून काढला आणि मशीनची वायर सरळ भिंतीतून उपटली. वर्षभर मी ज्याची वाट बघत होतो, वर्षभर कसलं, चौदा वर्षं, ते माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं, आणि मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चहा घेतला, अक्काच्या पाठीवरून हात फिरवला. “धोंडीरामभाऊ, आधी डॉक्टरांना दाखवून घ्या,” म्हणाल्या. “दहाचं काय, ते नंतर बघू. घाई नाही.” तयार दोन तंबोरे त्यांनी गाडीत नीट ठेवून घेतले. दाजी त्यांना पोचवायला खाली गेले नाहीत. पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला, तोही अक्काला. राहिलेले दहा त्यांनी दाजींच्या चुलतभावांना दिले होते.

त्या संध्याकाळी मी वायरी गुंडाळत होतो, तेव्हा अक्का माझ्याजवळ येऊन फरशीवर बसली.

“दोन वर्षं झाली मला कळून,” ती म्हणाली. “हाक मारली की डावीकडनं ओ द्यायचे नाहीत. मग मी फिरून उजव्या अंगाला जायला लागले. जेवायला वाढायचं उजवीकडनं, निजायचं उजवीकडं. फोन त्यांच्या उजव्या हाताला. त्यांना पत्ता लागू दिला नाही मी.”

“मला सांगायचंस तरी.”

“तुला? तू ते दुकानात लावून ठेवलं असतंस, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवायला.”

मी वायर गुंडाळत राहिलो.

“आणि त्या बाई डोळे मिटून ऐकत होत्या ते?” अक्का म्हणाली. “ते दोन्ही त्यांनी एकाच कानानं लावलेत. गेल्या दोन वर्षांत जे जे केलं ते एकाच कानानं. कुणी म्हटलं का, उणं आहे म्हणून? त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं, म्हणून हात चालत होता.”

“मी मुद्दाम नाही केलं, अक्का.”

“मी मान हलवली, ती तू बघितलीस.”

“नाही बघितली.”

ती उठून गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण हात मी दाखवला होता आणि अवलक्षण तिच्या घरात झालं होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान गेलाय, पण उजवा पोरासोरासारखा तल्लख आहे, काम खुशाल करा. दाजींनी केलं नाही. केलं, असं अक्का म्हणते, महिनाभर केलं. पण घोडी घासायचे, तार छेडायचे आणि अक्काला विचारायचे, “झाली का गं?” अक्का म्हणायची, मला काय कळतंय? मग परत घासायचे. सगळ्या घोड्या पत्र्यासारख्या वाजायला लागल्या. शेवटी भावकीच्या कारखान्यात गेले. तिथं त्यांनी भोपळे कापले, दांड्यांना पॉलिश केलं. जवारी काढायला चुलतभावाचा पोरगा बसायचा. त्याला दाजींनीच शिकवलं होतं.

मी दर भाऊबीजेला जातो. अक्का ओवाळते, बोलते, पूर्वीइतकं नाही पण बोलते. ओवाळून झालं की मी गॅलरीत दाजींकडं जातो. ते रस्त्याकडं तोंड करून बसलेले असतात. खाली ट्रकांची, एसट्यांची रीघ लागलेली असते.

पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, ते तोंडही बघणार नाहीत. पण त्यांनी स्वतः उठून एक खुर्ची ओढली, आपल्या डाव्या हाताला ठेवली आणि म्हणाले, “बस.” मला भरून आलं. वर्षभर घोकलेलं सगळं मी बोलून टाकलं. चुकलो, दाजी, माझं डोकं फिरलं होतं, मला माफ करा. ते रस्त्याकडं बघत होते. मी म्हटलं, चला, ऐकून तरी घेतलं.

दुसऱ्या वर्षी खुर्ची डावीकडंच होती. तिसऱ्या वर्षी मी मुद्दाम ती उचलून त्यांच्या उजवीकडं नेली आणि बसलो. दाजी रागावले नाहीत. उठले, आपली खुर्ची घेतली, माझ्यापुढून पलीकडं नेऊन ठेवली आणि बसले. मी परत त्यांच्या डावीकडं.

त्यानंतर मी खुर्ची हलवली नाही.

यंदा त्यांना पंच्याहत्तरावं लागलंय. यंदाही मी बसलो. यंदा मी नुसती माफी नाही मागितली, पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या दिवशी अक्का दारात उभी होती, तिनं मान हलवली होती, ती मी बघितली होती, बघूनच खुर्ची फिरवली होती. हे मी आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं, अक्कापाशी सुद्धा नाही. खालून एक ट्रक गेला, मग दुसरा गेला. बोलणं संपवून मी डोळे पुसले.

दाजींनी सावकाश मान वळवली आणि उजवा कान माझ्याकडं केला.

“काही म्हणालास?”

परत एवढं सगळं बोलायची ताकद माझ्यात नव्हती, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

“काही नाही, दाजी,” मी म्हणालो.

त्यांनी मान परत रस्त्याकडं वळवली.